उशाची बंदूक आणि बांधावरची बंदूक

ग्वाल्हेरला पहिल्यांदा येणाऱ्या पुण्या-नागपूरच्या पाहुण्यांच्या डोळ्यांत किल्ला, जयविलास आणि तानसेनाची कबर यांच्याही आधी जी गोष्ट भरते, ती म्हणजे मोटारसायकलवर मागे बसलेल्या माणसाच्या खांद्यावरची बंदूक. बँकेच्या दारात, वरातीत, इस्पितळाच्या व्हरांड्यात, इतकेच काय, दाल बाजारात तुरीचा भाव विचारणाऱ्या एखाद्या गृहस्थाच्या पाठीवरही ती असते आणि तिच्याकडे कोणी वळून पाहत नाही. या भागात परवान्याची ओढ किती आहे, हे प्रशासनालाही चांगले ठाऊक आहे. 2008 मध्ये शिवपुरी जिल्ह्यात नसबंदी करून घेणाऱ्या पुरुषांना बंदुकीच्या परवान्यात प्राधान्य देण्याची योजना निघाली होती, आणि 2019 मध्ये आमच्या ग्वाल्हेर जिल्ह्यात परवाना मागणाऱ्याने आधी दहा झाडे लावावीत आणि त्यांच्यासोबत काढलेला फोटो दाखवावा, असा दंडक घातला गेला. झाडे लागली तर मला आनंदच आहे. मात्र हे हत्यार नेमके कशासाठी हवे, या प्रश्नाचे उत्तर झाडांनी मिळत नाही. तो प्रश्न अर्जातल्या एका रकान्यात असतो आणि जवळजवळ प्रत्येक जण तिथे 'आत्मरक्षा' एवढे लिहून मोकळा होतो.

कोणापासून रक्षण, हे विचारले तर जुन्या पिढीकडे निदान उत्तर होते. चंबळच्या खोऱ्यात बागी, म्हणजे दरोडेखोर, होते, अपहरणे होती, आणि सूर्य मावळल्यावर मुरैन्याच्या रस्त्याने कोणी शहाणा माणूस निघत नसे. एप्रिल 1972 मध्ये जौऱ्याला जयप्रकाश नारायण यांच्या पुढाकाराने मोहरसिंग, माधोसिंग आणि त्यांच्या टोळ्यांनी शस्त्रे खाली ठेवली, फेब्रुवारी 1983 मध्ये भिंडला फूलनदेवी शरण आली, आणि पुढच्या काही दशकांत उरलेल्या टोळ्याही संपल्या. भीतीचे कारण सरले तरी बंदूक खांद्यावरून उतरली नाही, कारण तोपर्यंत ती प्रतिष्ठेची खूण होऊन बसली होती. एक वापर मात्र प्रामाणिक म्हणावा लागेल: भिंड-मुरैन्याचे कितीतरी तरुण स्वतःच्या परवान्याची बारा बोअर, म्हणजे छऱ्यांची बंदूक, घेऊन परगावी पहारेकऱ्याची नोकरी करतात आणि त्यांच्यासाठी ती सुताराच्या रंध्यासारखी रोजीरोटीची वस्तू असते. बाकी पुष्कळशा बंदुकांचा बार केवळ लग्नात निघतो, आणि शस्त्र कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीने अशा आनंदाच्या गोळीबाराला दोन वर्षांपर्यंत कैद वा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठरवूनही मांडवातल्या झुंबरांचा धोका पुरता टळलेला नाही.

शिंद्यांच्या फौजेबरोबर उत्तरेत आलेल्या आमच्यासारख्या मराठी घरांतून तलवारी आणि बंदुका भिंतीवरच जास्त राहिल्या. आमच्याकडे मामंजींची एक विलायती दुनाली, म्हणजे दोन नळ्यांची बारा बोअर, होती. त्यांच्यानंतर ती ह्यांच्या नावावर झाली, आणि ह्यांच्या पश्चात मी ती नियमाप्रमाणे परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून ठेवली. गेल्या हिवाळ्यात माझ्या पुतण्याने तिचा विषय काढला. तो भितरवारकडे हरसी कालव्याच्या पाण्यावर शेती करतो. खरिपात धान, रब्बीत गहू आणि हरभरा. राहणे शेतावरच्या पक्क्या घरात, सोबत बायको, दोन लहान मुले आणि माझे भावजी, म्हणजे त्याचे वडील, ज्यांना अलीकडे रात्रीची झोप नाही आणि मनही थाऱ्यावर नसते. शेजारच्या शेतावरून पंपाची मोटर आणि तांब्याची तार चोरीला गेली होती, आणि हरभऱ्याला घाटे धरू लागले की नीलगाईंचा, ज्यांना तिकडे रोज म्हणतात, कळप पहाटे शेतात उतरत होता. पुतण्याचे म्हणणे सुटसुटीत होते: "काकू, ती जुनी दुनाली काढून टाकू आणि एक चांगले रिव्हॉल्व्हर घेऊ. घराची राखणही होईल आणि शेताचीही."

मी आयुष्यभर शाळेत भौतिकशास्त्र शिकवले. शस्त्रांशी माझा संबंध ऊर्जा, वेग आणि वस्तुमान यांच्या गणितांपुरताच, पण एका हत्याराने ही दोन्ही कामे होतील हे विधान ऐकून मला पेपर तपासायला बसल्यासारखे वाटले. तेव्हा आम्ही दोघे त्या विक्रेत्याच्या दुकानी गेलो.

दुकानदाराने दुनाली गाळ्यातून काढली, कळ दाबून मधोमध उघडली आणि नळ्या दस्त्यापासून वेगळ्या करून एकेक माझ्या डोळ्याला लावायला दिली. ट्यूबलाइटच्या दिशेने धरलेल्या स्वच्छ नळीत प्रकाशाची एकात एक अशी वर्तुळे दिसतात, आणि जिथे नळीला बाहेरून ठेच लागलेली असते तिथे त्या वर्तुळाची कड पिचकते. उजव्या नळीत अशी एक जागा होती, बोट फिरवले तर बाहेरून जेमतेम जाणवेल इतकी. मग त्याने नळ्या उलट्या करून त्यांच्या बुडाच्या सपाट भागावरचे ठसे दाखवले. बर्मिंगहॅमच्या तपासणीचे शिक्के, चौकटीत 12 चा आकडा आणि शेजारी बारीक अक्षरांत अडीच इंच. हा अडीच इंच म्हणजे काडतूस बसण्याच्या पोकळीची लांबी, आपल्या मापात 65 मिलिमीटर. त्याच्या कपाटात त्या दिवशी होती ती खडकीच्या दारूगोळा कारखान्याची 70 मिलिमीटरची काडतुसे. गंमत अशी की लांब काडतूसही या आखूड पोकळीत न अडता बसते, कारण भरताना त्याचे तोंड दुमडलेले असते. बार उडतो तेव्हा ते तोंड पुढे उलगडते, तिथे नळी अरुंद होत गेलेली असते, आणि छऱ्यांची वाट कोंडल्यामुळे आतला दाब त्या जुन्या पोलादाच्या सोसण्यापलीकडे जाऊ शकतो. वारशाने आलेली बंदूक वापरात काढणाऱ्याने भावनेच्या भरात काही ठरवण्याआधी हा एवढासा आकडा वाचावा, आणि एखाद्या जाणत्या कारागिराकडून नळ्या, चाप आणि कळ तपासून घ्याव्यात.

"बहेनजी, बंदूक अच्छी है, पर घरवालों ने इसे पूजा ज़्यादा है, पोंछा कम," असे तो म्हणाला, आणि ते खरे होते. दर दसऱ्याला तिला हळदकुंकू वाहिले जाई, पण नळीतून तेलाचा बोळा फिरवणे कोणाला आठवत नसे.

आता पुतण्याच्या रिव्हॉल्व्हरविषयी. आपल्याकडे सामान्य नागरिकाला कोणत्या मापाचे हत्यार मिळू शकते, हे मुख्यतः सैन्य आणि पोलीस काय वापरतात यावरून उलट्या बाजूने ठरलेले आहे. .303 ची (हा आकडा नळीच्या आतल्या व्यासाचा, इंचांत) रायफल किंवा 9 मिलिमीटरचे पिस्तूल नागरिकाला मिळत नाही, कारण तशी काडतुसे सरकारी कोठारातून बाहेर झिरपू नयेत, हा इंग्रजांच्या काळापासून चालत आलेला विचार आहे. त्यामुळे मुख्यतः उरतात ती मोजकी मापे: रायफलीत .315, हातात मावणाऱ्या हत्यारात .32, आणि खांद्याच्या बंदुकीत बारा बोअर. परदेशी हत्यारांची आयात सामान्य माणसाला 1980 च्या दशकातच बंद झाल्यामुळे जुन्या विलायती रिव्हॉल्व्हरांना अवाच्या सवा भाव येतो. 2014 मध्ये कानपूरच्या सरकारी कारखान्याने महिलांसाठी म्हणून 'निर्भीक' नावाचे अर्ध्या किलोचे .32 रिव्हॉल्व्हर बाजारात आणले, तेव्हा त्याची किंमतही सव्वा लाखाच्या आसपास होती. बायकांच्या सुरक्षिततेचा प्रश्न सव्वा लाखाच्या वस्तूने सुटतो, असे मानणाऱ्यांना रात्री साडेनऊला टेम्पोच्या रांगेत उभे राहणाऱ्या बायका कधी भेटलेल्या नसाव्यात.

या तीन मापांचे गणित मी पुतण्याला दुकानातल्या बिलाच्या पाठीवर मांडून दाखवले. .32 ची गोळी सुमारे सहा ग्रॅमची आणि तिचा वेग सेकंदाला दोनशे मीटरच्या थोडा वर, म्हणजे ऊर्जा दीडशे ज्यूलच्या आसपास. बारा बोअरच्या एका काडतुसात तीस ग्रॅमच्या आसपास शिसे, वेग सेकंदाला साधारण 370 मीटर, म्हणजे ऊर्जा दोन हजार ज्यूल. .315 ची ऊर्जा त्याहूनही अधिक, आणि ती सगळी एकाच गोळीत. पूर्ण वाढलेला नर रोज दोनशे किलोच्या पुढे जातो. त्याच्यावर दीडशे ज्यूलचे रिव्हॉल्व्हर चालवणे म्हणजे त्याला मारणेही नव्हे आणि पळवणेही नव्हे, तर जखमी करून चार दिवस कुजत मरायला सोडणे. शिवाय आखूड नळीच्या रिव्हॉल्व्हरने पंधरा-वीस पावलांपलीकडे नेम धरायला जो सराव लागतो, तो वर्षाकाठी मोजकी काडतुसे उडवणाऱ्या शेतकऱ्याला कुठून होणार? रिव्हॉल्व्हरचा एक गुण मी मान्य केला. काडतूस फुसके निघाले तर पुन्हा चाप ओढला की पुढचे समोर येते, पिस्तुलासारखी अडकण्याची आणि ते सोडवण्याची भानगड नाही. पण हा गुण शेताच्या कामाचा नाही.

मग रायफल का नको, हा पुढचा प्रश्न त्याने विचारलाच. त्याचे उत्तर गोळी लागते तिथे नाही, गोळी चुकते तिथे शोधावे लागते. .315 ची गोळी दोन-तीन किलोमीटर जाऊ शकते. भितरवार-डबऱ्याची जमीन कालव्याखालची, सपाट, आणि प्रत्येक शेताच्या पलीकडे दुसऱ्याचे शेत, त्यात पाणी वळवणारा कोणी, बांधावर बसलेला कोणी, त्याच्या पलीकडे वस्ती. रानात टेकडीच्या पार्श्वभूमीवर गोळी झाडणे वेगळे आणि पहाटेच्या धुक्यात सपाट शेतात झाडणे वेगळे. बारीक छर्रा मात्र स्वतःच्या हलकेपणामुळे लवकर दमतो. सहा नंबरचे छर्रे फार तर दोनशे मीटरवर जमिनीला लागतात, आणि त्याच्या कितीतरी आधी त्यांच्यातला जोर ओसरलेला असतो. एसजीसारखे मोजके आणि जाड छर्रे पाचशे-सहाशे मीटरपर्यंत पोचतात, म्हणून दाट शेतीच्या भागात तेही सांभाळूनच वापरावे लागतात. बंदूक एकच, पण नळीत काय घातले आहे त्यावर ती वेगळे हत्यार होते. त्यामुळे शेतावर काही ठेवायचेच असेल तर बारा बोअर आणि तिच्यासाठी बारीक छर्रा, एवढेच माझ्या बुद्धीला पटते.

पिकाच्या राखणीबद्दल 1959 च्या शस्त्र कायद्यात एक तरतूद आहे, ती मला फार आवडते. त्याच्या तेराव्या कलमात रक्षणासाठी वा खेळासाठी निदान वीस इंच नळीची, आतून गुळगुळीत अशी बंदूक सांगितली आहे, आणि खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी ठासणीची बंदूक. ठासणीच्या बंदुकीने हे काम होणार नाही अशी अधिकाऱ्याची खात्री पटली, तरच दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक द्यावी, असे पुढे म्हटले आहे. ठासणीची बंदूक म्हणजे तोंडातून दारू ओतायची, बोळा घालायचा, गजाने ठासायचे, छर्रे सोडायचे, पुन्हा बोळा, मग मागे ठिणगी देणारी टोपी बसवायची. एवढे सगळे करून एक बार, आणि दुसऱ्यासाठी तेच पहिल्यापासून. आजच्या मुलाला हे हास्यास्पद वाटेल. पुतण्यालाही वाटले. पण पिकाच्या राखणदाराचे काम तरी काय असते? कळप उधळून लावायचा. पहिल्या बाराच्या आवाजाने रोज पळतात, दुसऱ्या बाराची गरज पडत नाही. जिथे हत्याराची गरज आवाजापुरती आहे, तिथे त्या दोन बारांमधला वेळ शेतकऱ्याचे काही नुकसान करत नाही, आणि रागाच्या भरात बांधावरच्या भांडणात ती बंदूक उचलली गेली तर तोच वेळ एखाद्याचा जीव वाचवतो. आमच्या भागात बांधाच्या भांडणांत काय होते, ते वर्तमानपत्र वाचणाऱ्याला सांगायला नको.

रोज मारण्याचा प्रश्न कायद्याने वेगळाच आहे. नीलगाय आणि रानडुक्कर दोन्ही 1972 च्या वन्यजीव कायद्याच्या संरक्षणात आहेत. परवाना बंदुकीचा असतो, जनावराचा नसतो, हे कित्येक शिकल्यासवरल्या लोकांनाही सांगावे लागते. त्या कायद्याच्या अकराव्या कलमाखाली एखादे जनावर माणसाच्या जिवाला किंवा उभ्या पिकाला धोका ठरले, तर मुख्य वन्यजीव रक्षक वा त्याने नेमलेला अधिकारी कारणे नोंदवून लेखी परवानगी देऊ शकतो. बिहारमध्ये 2015 च्या अखेरीस केंद्राने काही जिल्ह्यांपुरते रोज आणि रानडुक्कर उपद्रवी ठरवले, आणि 2016 मध्ये मोकाम्याच्या टापूत हैदराबादहून नेमबाज आणून रोजांची मोठी कत्तल झाली. देशभर त्यावर वाद झाला. आमच्या मध्य प्रदेशात 2025 मध्ये शाजापूरकडे हेलिकॉप्टरच्या साहाय्याने काळवीट आणि रोज हाकून, नरसाळ्याच्या तोंडासारख्या निमुळत्या कुंपणात घेऊन दुसऱ्या जंगलात नेण्याचा प्रयोग झाला. हे दोन्ही उपाय सरकारने करायचे आहेत. एकट्या शेतकऱ्याच्या हाती त्याची बंदूक पिकाच्या राखणीला फार तर आवाजापुरतीच उरते.

आवाजच हवा म्हणून लोक भलतेच काही करू लागतात, तेही सांगितले पाहिजे. प्लास्टिकच्या पाइपात कार्बाइड आणि पाणी घालून स्फोट करणारी एक घरगुती तोफ माकडे आणि रोज पळवण्यासाठी शेतांवर आली, आणि 2025 च्या दिवाळीत तीच खेळणे म्हणून बाजारात विकली गेली. भोपाळपासून ग्वाल्हेरपर्यंत मुलांच्या डोळ्यांना इजा झाल्या, काहींची दृष्टी कायमची गेली, तेव्हा तिच्यावर बंदी आली. कुंपणाच्या तारेत थेट घरची वीज सोडणारेही आहेत. त्या तारेला रोज जसा चिकटतो तसा रात्री पाणी द्यायला निघालेला गडीही चिकटतो, आणि मग ते उघडउघड मनुष्यवधाचे प्रकरण होते. त्यापेक्षा सौरऊर्जेवरचे झटका-कुंपण बरे, ज्यात विजेचा धक्का क्षणभराचा असतो आणि जनावर घाबरते, मरत नाही. रोजांची एक सवय राखणदाराच्या उपयोगाची आहे: ते पुन्हा पुन्हा ठरलेल्या जागीच लेंड्या टाकतात, त्यामुळे त्यांची येण्याची वाट कोणती, हे दोन-तीन सकाळी बांधाने हिंडले तरी कळते. कुंपण आणि जाग तिथे आधी हवी. कोठारातल्या उंदरांसाठी तर बंदुकीचे नावही काढू नये. 4.5 मिलिमीटरची, वीस ज्यूलपर्यंतची हवेची बंदूक 2016 च्या शस्त्र नियमांप्रमाणे परवान्याशिवाय घेता येते हे खरे, पण धान्याची कोठी उंदीर शिरणार नाही अशी बांधून घेणे आणि एक मांजर पाळणे, यापुढे तिची मातब्बरी नाही.

घराच्या राखणीचा भाग मी मुद्दाम मागे ठेवला होता, कारण तिथे मला पुतण्याशी खरे भांडायचे होते.

घरात बंदूक ठेवणाऱ्याची कल्पना अशी असते की रात्री चोर शिरेल, आपण जागे होऊ, हात उशाखाली जाईल आणि काम होईल. या कल्पनेतला प्रत्येक टप्पा वेळेवर अवलंबून आहे. हत्यार उशाशी आणि भरलेले असेल तरच ते वेळेवर हाती येईल. पण ज्या घरात दोन लहान मुले आहेत आणि रात्रभर जागा असलेला, मनाने खचलेला म्हातारा माणूस आहे, त्या घरात उशाशी भरलेले हत्यार ठेवणे म्हणजे चोर येण्याच्या कितीतरी आधी संकट घरात आणून ठेवणे. 2016 चे नियम हत्यार सुरक्षित, कुलुपात ठेवण्याची जबाबदारी परवानाधारकावर टाकतात आणि हाताळणीचे प्रशिक्षणही परवान्याशी जोडतात. ते नियम पाळले, बंदूक रिकामी करून कपाटात आणि काडतुसे दुसऱ्या कपाटात ठेवली, किल्ली कमरेला लावली, की बंदूक मुलांपासून सुरक्षित होते आणि चोराच्या वेळी निरुपयोगी होते. मुलांसाठी पुरेशी उशिरा हाती येणारी आणि चोरासाठी पुरेशी लवकर हाती येणारी अशी बंदूक अजून कोणत्याही कारखान्याने बनवलेली नाही. शेतावर जो विलंब गुण ठरतो, तोच घरात दोष ठरतो, आणि तरीही घरातच तो जास्त हवा असतो.

अमेरिकेत कॅलिफोर्नियातील लाखो लोकांच्या नोंदींवरून 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, स्वतःकडे पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर असलेल्या पुरुषांमध्ये बंदुकीने आत्महत्या करण्याचे प्रमाण, तसे हत्यार नसलेल्या पुरुषांच्या सुमारे आठपट आढळले, आणि स्त्रियांमध्ये सुमारे पस्तीसपट. तिथला समाज वेगळा, हे मलाही कळते. पण निराशेचा झटका बहुधा काही मिनिटांचा असतो, आणि त्या मिनिटांत हाताशी काय आहे यावर पुष्कळ अवलंबून असते. भावजींचे नाव मी त्या वेळी घेतले नाही. पुतण्याने ते ओळखले असावे, कारण पुढचा काही वेळ तो दुकानातल्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडेच पाहत राहिला.

रिव्हॉल्व्हर नाही तर घरात दुनाली चालेल, कारण छरे पसरतात आणि नेम धरावा लागत नाही, असा एक समज दुकानात उभ्या असलेल्या दुसऱ्या गिऱ्हाइकाने मांडला. छरे ढोबळमानाने दर मीटरला अडीच सेंटिमीटर पसरतात. चार मीटरच्या खोलीत तो पसारा जेमतेम तळहाताएवढा होतो. म्हणजे नेम धरावाच लागतो, तोही अंधारात, झोपेतून उठून, हात थरथरत असताना, आणि समोर चोर आहे की पाणी प्यायला उठलेले पोर आहे, हे ठरवून. कायदाही तिथे बंदुकीइतका उदार नाही. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या 34 ते 44 या कलमांत आत्मरक्षणाचा हक्क आहे, सूर्यास्तानंतर घर फोडणाऱ्याविरुद्ध तो बराच लांबपर्यंत जातो, पण आवश्यकतेपेक्षा अधिक इजा करण्याची मुभा तो देत नाही, आणि मदत मागायला वेळ होता का, हा प्रश्न कोर्टात विचारला जातोच. मोटर घेऊन पळणाऱ्याच्या पाठीत मारलेला छर्रा आत्मरक्षणात बसवणे चांगल्या वकिलालाही जड जाईल. त्यातून, ज्या घरात बंदूक आहे हे गावाला ठाऊक असते, त्या घरात चोर बंदुकीसाठीच येतात, आणि निवडणूक जाहीर झाली की बंदूक ठाण्यात जमा होते. म्हणजे आचारसंहितेच्या काळात आत्मरक्षण कशाने करायचे, हा प्रश्न उरतोच. तेव्हा लोक जे करतात, दिवा, कुत्रा, कडी आणि शेजारी, तेच एरवीही करता येते.

शेवटी मी माझे मत दिले, कारण परवान्याच्या कागदावर माझ्या संमतीची सही लागणार होती. दुनाली विकू नये, उजव्या नळीची ठेच काढून घ्यावी, 65 मिलिमीटरची काडतुसे मिळत असतील तरच ती वापरात ठेवावी आणि नसतील तर तिला निकामी करून भिंतीवर ठेवण्याचा रीतसर अर्ज करावा. पिकासाठी म्हणून वेगळी बंदूक घ्यायची तर साधी एकनळी बारा बोअर घ्यावी, आणि ती भावजींच्या हाताशी न ठेवता, पिकाच्या मोसमापुरती, किल्ली सुनेच्या ताब्यात असलेल्या लोखंडी पेटीत ठेवावी. रिव्हॉल्व्हरला मी सही देणार नाही, असे स्पष्ट सांगितले. त्याच्या पैशात शेताच्या दोन बाजूंना झटका-कुंपण होते, पंपघराला लोखंडी दार बसते आणि वर अंगणात रात्रभर जळणारे दिवे बसून पैसे उरतात.

पुतण्याने कुंपण आणि दार दोन्ही केले. एकनळीसाठी त्याने अर्ज दिला आहे आणि तो सध्या पोलिसांच्या अहवालासाठी ठाण्यात आहे. रिव्हॉल्व्हरचा हट्ट त्याने सोडलेला नाही. मामंजींच्या दुनालीवर त्याचाही वारसाहक्क आहे, आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच बंदुका ठेवता येतात, म्हणून दुनाली आणि एकनळी ठेवली की तिसऱ्याला जागा उरत नाही, हे त्याने मला स्वतःच हिशेब करून सांगितले. यावर आमचे अजून बोलणे व्हायचे आहे.